वहिनी वजन उचलतात

आमच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, पालीला घाबरतात, कुत्र्याला घाबरतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात आणि बँकेत सही करायची म्हटलं की त्यांचा हात थरथरतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही बाई नाटक करते. नाटक नव्हतं, त्या आहेतच तशा. अंगानेही बारीक, फुंकर मारली तर उडतील अशा. भाऊजी त्यांना 'काडी' म्हणायचे, चारचौघांत, मोठ्याने आणि हसत हसत. वहिनीही हसायच्या. मला ते कधी आवडलं नाही, पण धाकट्या जावेला विचारतंय कोण?

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा असा देह. तळमजल्यावर त्यांची जिम आणि वरच्या मजल्यावर घर. खाली कुणी वजनाचा बार आपटला की वर मांडणीतले पेले किणकिणायचे. एवढ्या घाबरट वहिनी या धडधडाटात राहतात कशा, असं मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "अगं, त्या आवाजाची भीती नाही वाटत. तो आवाज आला म्हणजे हे खाली आहेत."

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला तो पुरता परत आलाच नाही. जीभ मात्र शाबूत राहिली आणि रागही होता तसाच राहिला. काठी घेऊन, पाय ओढत ओढत ते घरात फिरायला लागले, आणि पडायला लागले.

तेव्हापासून खालच्या आवाजाने वहिनींचं जगणं मुश्कील केलं. धप्प झालं की हातातलं टाकून त्या धावायच्या. बहुतेक वेळा खाली कुणीतरी बार टाकलेला असायचा. कधीकधी मात्र ते भाऊजी असायचे. दोन्ही आवाज सारखेच, ओळखायचे कसे? त्यांनी तळण करणं सोडलं, कारण कढईत तेल असताना धावता येत नाही. आंघोळीला गेल्या तर कडी लावायच्या नाहीत. त्यांच्याकडे बसून गप्पा मारायच्या म्हणजे मलाच घाम फुटायचा, कारण त्यांचा एक कान सतत आतल्या खोलीकडे असायचा आणि थोड्या वेळाने माझाही लागायचा.

भाऊजी पडले की काय करायचं हे ठरलेलं होतं. डोक्याखाली उशी, अंगावर चादर. मग जिन्याच्या दाराला आतून कडी, आणि मग आमच्याकडे फोन. आमचे हे स्कूटर काढून जायचे, भावाला काखेतून धरून उठवायचे, पलंगावर बसवायचे. भाऊजी कुणाकडे बघायचे नाहीत. "पंखा जरा मोठा कर," एवढंच म्हणायचे, जसं काही घडलंच नाही. खाली जिना उतरला की एकेक दंड मांडीएवढा अशी पोरं घाम गाळत होती. हाक मारली असती तर भाऊजींना खुर्चीसकट उचलून नेलं असतं. पण ते कळता कामा नये. जिमच्या लोकांना सर दिसायचे ते संध्याकाळी गॅलरीत, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डावा हात हलवताना. मला या प्रकाराचा असा संताप यायचा की विचारू नका. जमिनीवर पडून राहायला लाज नाही आणि हाक मारायला लाज?

एकदा असंच भावाला उठवताना यांच्या कमरेत चमक भरली, ती मणका सरकूनच थांबली. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं. वहिनींच्या परगावी असलेल्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, आता घरात पुरुषमाणूस नाही. तुझ्याच्याने होणार नाही. पुन्हा बाबा पडले आणि उचलायला कुणी नसलं, तर त्यांना तिकडे ठेवायचं."

'तिकडे' म्हणजे गावाबाहेरची एक संस्था. आम्ही जाऊन बघून आलो होतो. स्वच्छ होती, वाईट काहीच नव्हतं. लोखंडी पलंगांच्या दोन रांगा आणि प्रत्येक पलंगावर एकेक माणूस छताकडे बघत पडलेला.  परत येताना गाडीत भाऊजींनी डाव्या हाताने दाराची मूठ अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. त्या माणसाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या दिवसांनी स्वयंपाकघरात वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी शिकले तर? उचलायला?"

मला हसू फुटलं. "वहिनी, तुम्ही पिठाचा डबा सरकवायला मला फोन करता."

त्या हसल्या नाहीत. "मला भीती वाटते गं. मला जमणार नाही, माझं काहीतरी मोडेल, सगळी भीती वाटते. पण हे तिकडे गेले तर मला याच्याहून जास्त भीती वाटेल."

जिममध्ये दुपारी बायकांचा वर्ग असायचा. तो भाऊजींनीच कुरकुरत सुरू केला होता. लोखंड बघितलं की बायका पळतात, असं त्यांचं ठाम मत, म्हणून त्यांनी खास गुलाबी आणि जांभळे डंबेल मागवले होते, लहान मुलांच्या खुळखुळ्यांसारखे. आरशापुढे एक हिरवी चटई अंथरली होती. बायकांनी चटईवर राहायचं आणि पलीकडच्या काळ्या लोखंडाला हात लावायचा नाही, असा अलिखित कायदा. कुणी विचारलंच तर भाऊजी म्हणायचे, "तुम्हाला काय पोती उचलायचीत का?" यावर सगळ्या बायका हसायच्या.

वहिनींनी भाऊजींना सांगितलं की गुडघे दुखतात, डॉक्टर व्यायाम करा म्हणाले. भाऊजी खो खो हसले. "काडी, व्यायामाने आणखी झिजलीस तर उरशील का?" मी सोबतीला म्हणून गेले. वर्ग घेणारा भाऊजींचा पट्टशिष्य. आम्ही दोघी त्याला आपसात पट्टशिष्यच म्हणायचो. कपाटाएवढा देह आणि आवाज मात्र एखाद्या समंजस मुलीसारखा. त्याने विचारलं, "वहिनी, काय करायचंय? वजन कमी की बांधा सुडौल?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. तुमच्या सरांना जमिनीवरून उचलायचंय, हे सांगायचं कसं? सांगितलं की सर पडतात हे आलं, आणि तेच तर सांगायचं नव्हतं. त्या चाचरत म्हणाल्या, "जरा ताकद आली तर बरं."

"येईल की!" असं म्हणून त्याने अगदी प्रेमाने त्यांच्या हातात गुलाबी डंबेल ठेवले. त्याची काय चूक? सरांनी शिकवलं तेच त्याने केलं.

वर्गात एक शिंपीणबाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "जास्त उचलू नका हं, दंड जाड झाले की सगळ्या बाह्या उसवाव्या लागतात." एक शिक्षिका म्हणाली, जड उचललं की बाईचा आवाज घोगरा होतो, हनुवटीवर केस येतात म्हणे. तिसरी म्हणाली, पोटातलं काहीतरी खाली सरकतं. वहिनींना सगळं खरं वाटायचं. घरी आल्यावर त्या आरशात हनुवटी वर करून बघायच्या, केस येतायत का. आणि तरी दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून जिना उतरायच्या. माझं म्हणाल तर मी आठवड्यातच हात टेकले. घामाचं आणि माझं जुनं वाकडं आहे.

वहिनी मात्र महिनोन्महिने गेल्या, आणि नशिबाने त्या काळात भाऊजी पडले नाहीत. पट्टशिष्य "वा वहिनी!" म्हणायचा. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एकदा बाही वर करून मला म्हणाल्या, "बघ, हाताला काही लागतं का?" मी दाबून बघितलं. लागल्यासारखं वाटलं. आम्हा दोघींनाही वाटलं, झालं, आता ताकद आली.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "धाकटे, ये," एवढंच म्हणाल्या. आमचे हे पलंगावरून उठायला लागले, त्यांना मी दटावून पुन्हा झोपवलं आणि एकटी धावले.

भाऊजी न्हाणीघरात पडले होते. अंगावर एक टॉवेल, खाली ओली फरशी, भिंतीवर डोकं टेकलेलं. वहिनी त्यांच्या काखेत हात घालून ओढत होत्या आणि भाऊजी जागचे हलत नव्हते. मी पाय धरले. आम्ही दोघींनी जोर लावला, वहिनींचा पाय घसरला आणि भाऊजींचा दुखरा खांदा फरशीवर आपटला. ते जे ओरडले ते ऐकून मी धरलेले पाय सोडून दिले. खाली बार आपटत होते, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. भाऊजींचे दात थंडीने वाजायला लागले होते.

"खालून बोलावते," वहिनी म्हणाल्या.

"बोलावलंस तर याद राख."

 मग भाऊजींनी डोळे मिटूनच विचारलं, "तू खाली जातेस ते यासाठीच ना? गुडघेबिडघे काही दुखत नाहीत तुझे."

"हो."

"काय उचलतेस?"

"गुलाबी," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी डोळे उघडले, वहिनींकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "खेळणी आहेत ती," ते म्हणाले. "मीच आणलीत." वहिनींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतके महिने त्या बिचाऱ्या भीत भीत गेल्या होत्या, आणि कशासाठी, तर खुळखुळे हलवायला.

भाऊजींचे ओठ आता निळसर दिसायला लागले होते. वहिनी उठल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी मोडलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. जिन्याच्या दाराची कडी काढली आणि त्या बारक्या गळ्यातून ओरडल्या, "वर या! सर पडलेत!" खालचा आवाज एकदम थांबला. भाऊजींनी डाव्या हाताने टॉवेल ओढला आणि स्वतःचं तोंड झाकलं.

पट्टशिष्य एकटाच वर आला, बाकीच्यांना त्याने जिन्यातच थांबवलं. सरांना उचलून पलंगावर ठेवलं, पाय पुसले, पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन रडला. "असे किती वेळा पडलेत?"

"खूप," वहिनी म्हणाल्या. "आता मला शिकवा. गुलाबी नको."

"मी आहे ना खाली, वहिनी. कधीही हाक मारा."

"जिम बंद असते तेव्हा तुम्ही नसता."

तो घुटमळला. "सरांना विचारतो."

मग मात्र माझा तोल गेला. "विचारा ना! आत पडलेत, येतील उठून परवानगी द्यायला!"

त्या दिवशी वहिनींनी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता बास, मी येऊन बाबांना हलवतो. वहिनी म्हणाल्या, "एकदा बघू दे. पुढच्या वेळी पडले आणि मला उचलता आलं नाही, तर ने. मी आडवी येणार नाही." फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आपण काय कबूल करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं असावं. शेजारच्या खोलीत भाऊजींनीही ते ऐकलं होतं.

वहिनी चटईवरून लोखंडाकडे गेल्या त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. जमिनीवर ठेवलेल्या बारपुढे त्या उभ्या राहिल्या, वाकल्या, हात लावला आणि पळत जिना चढून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. पट्टशिष्यही घाबरलेलाच. दोन्ही हात पुढे करून, जणू त्या काचेच्या आहेत, असा त्यांच्या आगेमागे फिरायचा. "ढुंगण मागे, छाती वर, जमीन पायांनी ढकला," असं सांगताना 'ढुंगण' शब्दाला लाजायचा. शिंपीणबाई चटईवरून म्हणाल्या, "आता मिशा येणार बाई यांना." वहिनींनी पहिल्यांदा उलट उत्तर दिलं, "आल्या तर कापेन." त्यांचा आवाज घोगरा नव्हता, पण कापत होता.

भाऊजी वहिनींशी बोलत नव्हते. दुपारी पलंगावर पडून असायचे. एकदा वहिनी घाम पुसत वर आल्या तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "दोनदा वाजलं."

"काय?"

"बार. आधी डावी बाजू टेकली, मग उजवी. वाकडी होतेस तू. आणि ठेवताना घाबरून सोडून देतेस. ठेवेपर्यंत धरायचं."

 दुसऱ्या दिवशी खालचा आवाज एकच आला, आणि भाऊजी म्हणाले, "हं." पुढे रोजच ते आवाजावरून सांगायला लागले, आज प्लेट वाढवली, आज पाठ वाकली, आज उगाच घाई केलीस. आपला जुना चामड्याचा कमरपट्टा त्यांनी कपाटातून काढायला लावला. पडलेल्या माणसाच्या कमरेला तो बांधला की धरायला मूठ मिळते, हे त्यांनीच शिकवलं. पण स्वतःवर सराव करू देईनात. वहिनींनी कारण विचारलं तर म्हणाले, "मला भीती वाटते." 

म्हणून सरावाला मी. जमिनीवर पडायचं, अंग सैल सोडायचं, आणि वहिनींनी मला उचलायचं. मी काही भाऊजींएवढी नाही, पण वहिनींच्या दीडपट तर नक्की आहे. "मदत करू नकोस, धोंड्यासारखी पड," भाऊजी पलंगावरून ओरडायचे. पहिल्यांदा वहिनींनी मला अर्ध्यावर सोडलं. माझं माकडहाड इतकं दुखलं की मी त्यांना चार शब्द सुनावले. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "हे असते तर?" म्हणाल्या. मग मी पुन्हा पडले.

ते पडले त्या दुपारी मी तिथेच होते. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. धप्प झालं. वहिनी उठल्याही नाहीत, खालच्या आवाजाची आता त्यांना पुन्हा थोडी सवय झाली होती. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या दिवशी जिमला सुट्टी होती. खाली कुणीच नव्हतं.

भाऊजी पलंग आणि खिडकीच्या मध्ये पडले होते, उजवा हात अंगाखाली सापडलेला. वहिनींना घाईत पट्ट्याचं बक्कल लागेना. मी लावायला गेले तर माझीही तीच गत, शेवटी वहिनींनीच ते अडकवलं. भाऊजींचा चेहरा घामाने भिजला होता.

"अगं, नको," ते म्हणाले. "नको करू. मी तुझ्या अंगावर पडेन. मोडशील तू."

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "डावा गुडघा वाकवा."

मी खुर्ची आणून पुढे धरली. वहिनींनी त्यांना कुशीवर वळवलं, हळूहळू गुडघ्यावर आणलं, डावा हात खुर्चीवर टेकवला. मग मागे उभ्या राहून, वाकून, पट्टा दोन्ही मुठींत धरला. "आता," म्हणाल्या. भाऊजी जमिनीपासून सुटले, अर्ध्यावर आले आणि तिथेच अडकले. वहिनींचे पाय थरथरायला लागले. मी डोळे मिटले. तेवढ्यात एक आवाज आला, खोल, पोटातून आलेला, खालच्या जिममध्ये पुरुषांच्या तोंडून ऐकू येतो तसा. तो वहिनींचा होता. डोळे उघडले तर भाऊजी पलंगावर बसलेले, आणि वहिनींनी पट्टा अजून सोडला नव्हता. ठेवेपर्यंत धरला होता.

"पोराला फोन कर," भाऊजी मला म्हणाले.  "म्हणावं, तिकडचं नाव काढू नकोस."

आता वहिनी हसतील असं मला वाटलं. त्यांनी पट्टा सोडला आणि होत्या तिथेच जमिनीवर बसल्या, भाऊजी पडले होते नेमक्या त्याच जागी, आणि हमसून हमसून रडायला लागल्या. "मला खूप भीती वाटली हो," म्हणत होत्या. "तुम्ही पडाल, मग तुम्हाला नेतील. मला रोज भीती वाटायची. रोज." मी पुढे झाले, पण भाऊजींनी मला नजरेनेच थांबवलं. खाली वाकणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला. "ऊठ," म्हणाले.

वहिनींनी तो हात धरला आणि उठल्या. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं, त्या आपल्याच पायांवर उठत होत्या, हातावर जरासुद्धा भार न टाकता, आणि भाऊजींनी ओढल्यासारखं वाटावं म्हणून सावकाश उठत होत्या. आयुष्यभर वजनं उचललेल्या माणसाला हातात वजन आलं की नाही हे कळल्याशिवाय राहत नाही. भाऊजींना कळलं. तरी ते म्हणाले, "हळू," आणि त्या पुरत्या उभ्या राहीपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.